अवऱ्याच्या दिवसांतलं विरजण

लिफ्टचं दार उघडलं आणि आतून अवऱ्याचा वास आला. आत माणूस कुणी नव्हतं. कुणीतरी नुकतीच शेंगांनी भरलेली पिशवी घेऊन वर गेलं असणार आणि वास तेवढा मागे राहिला होता. हिरवा, तेलकट, जरासा उग्र. या वासाला कन्नडमध्ये सोगडु असा वेगळा शब्दच आहे. शेंगेवरून बोट फिरवलं की तो बोटाला चिकटतो आणि साबणानं हात धुतले तरी तासभर जात नाही. बंगळूरची माणसं शेंग नाकाला लावूनच विकत घेतात. सोगडु नसेल तर पिशवी उघडतसुद्धा नाहीत.

सगळ्या शहराला या वासानं भूक लागते. मला मात्र त्याच्यापासून लांब पळावंसं वाटतं. परवाही तसंच झालं. सहाव्याऐवजी मी चौथ्या मजल्याचं बटण दाबलं आणि दार उघडल्यावर कुणा भलत्याच घरापुढच्या चपलांकडे बघत उभा राहिलो. वर्ष होत आलं त्या गोष्टीला, पण शरीराला वर्षं मोजता येत नाहीत बहुतेक.

खरं तर हे दिवस फार चांगले असतात. सकाळी सर्जापूर रोडवरची ती बेबंद वाहतूकसुद्धा धुक्यात जरा सभ्य वाटते. वॉचमनपासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांच्या डोक्यावर माकडटोपी चढते. गेटबाहेर हातगाडीवर अवऱ्याच्या शेंगांचा ढीग लागतो. आम्ही चिक्कोडीकडची माणसं त्यांना पावटे म्हणत आलो, पण इथे आल्यावर आम्हीही अवरेच म्हणू लागलो. घरोघरी त्याचं सारू, म्हणजे पातळ आमटी, त्याचं उप्पीट. दुपारी खालच्या बाकावर बायका सोलायला बसतात. हे सोलणं दोनदा असतं. आधी शेंगांतून दाणे काढायचे, ते पाण्यात भिजवायचे, आणि मग एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा. साल बोटांत राहते आणि आतला गर टपकन वाटीत उडी मारतो. घाई केली की दाणा चिरडतो.

माझी चूकही घाईतच झाली, असं मी बरेच दिवस स्वतःला समजावत होतो. तसं नव्हतं.

आमची मिनू अकरा महिन्यांची असताना वरच्या दुधाचे दोन चमचे तिच्या पोटात गेले आणि पंधरा मिनिटांत तिचा चेहरा ओळखू येईना. अंगावर गांधी, ओठ सुजलेले, श्वासाला शिट्टीसारखा आवाज. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, दूध बंद. दही, ताक, लोणी, तूप, खवा, सगळं बंद. कणभरसुद्धा चालणार नाही. शेंगदाणे, सोयाबीन, नारळ, काजू यांचीही तपासणी झाली आणि ते चालतील असं ठरलं. घरात ठेवायला एक इंजेक्शन दिलं, कसं टोचायचं ते आम्हा दोघांकडून तीन-तीनदा करून घेतलं.

"गाईचं नको तर म्हशीचं?" आईनं विचारलं होतं. माझी आई आमच्याकडेच असते. "शेळीचं तर चालंल की वो?"

"कुठलंच नाही, अज्जी."

आईनं त्या वेळी डॉक्टरीणबाईंकडे ज्या नजरेनं बघितलं ती मला अजून आठवते. जिनं तीन पोरं दूधभातावर वाढवली तिला कुणी सांगावं की दूधभातच विष आहे, तशी ती नजर होती.

त्या दिवसापासून दुधाचं खातं माझ्याकडे आलं. मधुरा, माझी बायको, रोज इलेक्ट्रॉनिक सिटीला जाते. मी घरून काम करतो, आणि माझं कामच मुळी दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचं. पाकिटांच्या मागची मुंगीएवढी अक्षरं मला पाठ झाली. व्हे, केसिन, मिल्क सॉलिड्स, सगळी दुधाचीच रूपं. नमकीन शेवेच्या पाकिटात दुधाची पावडर सापडली तेव्हा मला आनंदच झाला होता, चोर पकडल्याचा. आईच्या दुधाचा कोपरा मी वेगळा केला. तिची पातेली वेगळी, घासणी वेगळी, आणि तिच्या चमच्याला लाल दोरा बांधलेला. लाल दोऱ्याचा चमचा दुसऱ्या कशातही जायचा नाही. घरात हा कायदा मी केला आणि त्यावर पहाराही मीच ठेवला. आई म्हणायची, "विन्या, तू मिल्ट्रीत जायला पायजे होतास."

मग सुरू झाली निवड. सोयाबीनच्या दुधाला पहिल्या घोटाला ओल्या पोत्याचा वास यायचा आणि चहात ते फाटायचं. ओटचं दूध चहात बरं लागायचं, पण कप संपता संपता पेज प्यायल्यासारखं वाटायचं. बदामाचं म्हणजे ज्या पाण्यात बदाम अंघोळ करून गेले ते पाणी. मी प्रत्येकाची परीक्षा घ्यायचो आणि प्रत्येकाला नापास करायचो. आता कळतं की प्रश्नपत्रिकाच चुकीची होती. मी त्यांना दूध अशी हाक मारत होतो आणि त्यांनी ओ दिली नाही म्हणून रागावत होतो.

ज्या दिवशी ते सोडलं त्या दिवशी घरात चव आली. आईनं खपली गव्हाची हुग्गी केली, तिच्या माहेरी लग्नाकार्यात करतात ती खीर, आणि दुधाऐवजी नारळाचा रस घातला. गूळ, वेलदोडा, सुंठ आणि तो घट्ट पांढरा रस. पहिला घास तिनं जिभेवर घोळवला. मग स्वतःशीच म्हणाली, "दूध न्हाई हे कळंना की गं बाई." मिनूनं वाटी चाटून पुसून ठेवली. सोयाबीनच्या दुधाचं आम्ही पनीर पाडायला शिकलो. चहाचं मात्र शेवटपर्यंत जमलं नाही, मी कोराच प्यायला लागलो, आणि आता मला तोच आवडतो.

राहिलं होतं दही.

मिनू शाळेत जायला लागली आणि तिला डब्यात काय असतं ते कळलं. तिच्या वर्गात अर्ध्या पोरांच्या डब्यात मोसरन्ना, म्हणजे दहीभात. वरून मोहरीची फोडणी, डाळिंबाचे दाणे. "बाबा, मला पांढरा भात पाहिजे." मी तिला साधा भात दाखवला. "हा नाही. तो ओला असतो ना, तो."

शेंगदाणे रात्रभर भिजवायचे, सालं काढायची, वाटायचे, गाळायचे, आणि ते दूध मंद आचेवर दाटसर होईपर्यंत आटवायचं. एवढं मला जमलं होतं. पण त्याचं दही लागायचं कसं? लिंबू पिळून बघितलं, ते फाटलं. उपाय मिळाला तळमजल्यावरच्या रुक्मिणीअक्कांकडून. त्यांचं घराणं मराठी, पण तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. त्यांची मराठी ऐकून आम्हाला हसू येतं आणि आमची ऐकून त्यांना.

"मिरचीचं देठ टाक की त्यात," त्या म्हणाल्या. "आठ-धा देठं. झाकून ठेव. आमच्यात विरजण संपलं तर असंच करतात. स्वल्प वेळ लागतो, पण सरी होतं." सरी म्हणजे कन्नडमध्ये ठीक.

आणि झालं की! नोव्हेंबरच्या उन्हात, खिडकीपाशी, शेंगदाण्याच्या दुधाचं दही लागलं. थोडं सैल होतं, थोडं तिखटसर, पण दही होतं. पुढच्या वेळी त्यातलाच चमचा विरजण म्हणून वापरायचा हे माझ्या लक्षात यायच्या आत आम्ही ते संपवलं. पुन्हा करू, देठं काय कुठेही मिळतात, असं मनात म्हटलं. मग डिसेंबर आला.

इथे मला आईच्या विरजणाबद्दल सांगितलं पाहिजे. ते काळ्या मातीच्या गाडग्यात असायचं. आईच्या लग्नात तिच्या आईनं पितळेच्या डबीत घालून दिलेलं विरजण ते हेच. रोज त्यातलं चमचाभर मागे ठेवायचं आणि उद्याचं दही लावायचं. असं एकही दिवस न चुकता पन्नासेक वर्षं. चिक्कोडीहून बंगळूरला येताना बसमध्ये आईनं सामान वर ठेवलं, आणि गाडगं मांडीवर. नव्या जागी ओळख झाली की ती पहिली गोष्ट द्यायची ती विरजण. रुक्मिणीअक्कांनाही पहिल्याच आठवड्यात दिलं होतं, दिवस मावळायच्या आत, कारण दिवेलागणीनंतर विरजण घराबाहेर द्यायचं नसतं. घर उठून गेलं तरी चालेल, विरजण तुटता कामा नये, असा तिचा एकूण कारभार होता.

तर डिसेंबर. थंडीनं देठांना दाद लागू दिली नाही. तीन वेळा लावलं, तिन्ही वेळा सकाळी भांड्यात नुसतं आंबूस पाणी. मिनू रोज उठून भांड्याचं झाकण काढून बघायची आणि परत ठेवायची. ती रडली असती तर बरं झालं असतं. शुक्रवारी मी तिला वचन दिलं की उद्या सकाळी मोसरन्ना नक्की.

त्या संध्याकाळी आई अवरे सोलायला खाली निघाली होती. जाता जाता म्हणाली, "माझ्या दुधाला विरजण लाव रे, कोमट झालं की." मी लावलं. लाल दोऱ्याच्या चमच्यानं. तो चमचा तिच्या कोपऱ्यात धुऊन ठेवला. हात धुतले. मग शेंगदाण्याचं दूध कोमट झालं का ते बघितलं. स्वच्छ, कोरडा, बिनदोऱ्याचा चमचा घेतला. आणि तो आईच्या गाडग्यात घातला.

मी विसरलो नव्हतो, माझं लक्ष दुसरीकडेही नव्हतं. मला ते गाडगं दिसत होतं. मातीच्या बुडाला चमचा घासल्याचा आवाज मला आजही ऐकू येतो. चमचाभर विरजण शेंगदाण्याच्या दुधात ढवळताना माझ्या मनात एवढंच होतं, की आता लागेल. विरजण म्हणजे दूध हे माझ्या डोक्यात आलंच नाही. जन्मापासून मी दूध पितात, दही खातात आणि विरजण लावतात असंच ऐकलं होतं. ते लावण्याचं काहीतरी असतं, खाण्याचं नव्हे. कारखान्यांना फोन करून केसिनची चौकशी करणारा मी, जगातल्या यच्चयावत पाकिटांवर संशय घेणारा मी, आणि पहारा नव्हता तो फक्त आईच्या गाडग्यावर. ज्याच्या घरी दही बाजारातून येतं त्याला विरजणही दहीच दिसलं असतं, त्याच्या हातून हे कधीच झालं नसतं.

शनिवारी सकाळी दही असं लागलं होतं की सुरीनं कापावं. मी फोटो काढला. मधुरा शेजारच्याच खोलीत होती, तरी तिला पाठवला. तिनं आतून टाळ्या वाजवल्या.

आई त्या वेळी तिच्या कोपऱ्यात ताक घुसळून लोणी काढत होती. "लागलं व्हय?" म्हणत ती हात धुऊन आली. भात कालवला, फोडणी दिली, डाळिंबाचे दाणे पेरले, आणि मिनूला मांडीवर घेऊन हातानं भरवायला लागली. मिनू डोळे मिटून खात होती. "अज्जी, अजून." मी दाराला टेकून बघत होतो. इतका सुखी मी त्या वर्षात दुसऱ्यांदा झालो नव्हतो.

पाचव्या की सहाव्या घासाला तिनं मान खाजवली.

पुढचं सगळं तुकड्यातुकड्यांत आठवतं. ओठ. तो शिट्टीचा आवाज. मधुरानं मिनूच्या मांडीत इंजेक्शन टोचलं. खालच्या रुक्मिणीअक्का अनवाणी धावत गेटपर्यंत आल्या आणि रिक्षा, गाड्या, सगळं अडवून आमच्या गाडीला वाट करून दिली. चाकांखाली अवऱ्याच्या सालांचा सडा होता, आणि गाडीत तोच वास.

दुपारपर्यंत मिनूचा श्वास सरळ झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता धोका नाही, पण संध्याकाळपर्यंत इथेच ठेवू. काय खाल्लं होतं? मधुरानं सांगितलं. शेंगदाण्याचं दही, घरचं. भात. डाळिंब. कुणी भरवलं? आजींनी. त्या आधी काय करत होत्या?

"लोणी काढत होते," आई म्हणाली. आणि आपल्या उजव्या हाताकडे बघायला लागली. "धुतले होते हात. धुतले होते की, मधुरा. धुतलेच असतील."

"लोण्याचा कण नखात राहू शकतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दोष देण्यासाठी नव्हे, शक्यता म्हणून.

मी बाहेर येऊन बाकावर बसलो. फोन उघडला, कुणाला तरी कळवावं म्हणून, आणि समोर तो सकाळचा फोटो आला. सुरीनं कापावं असं दही. देठांनी तीन दिवसांत जे झालं नव्हतं ते एका रात्रीत कसं झालं? तेव्हा मला तो मातीवर चमचा घासल्याचा आवाज ऐकू आला.

आत जाऊन सांगायचं होतं. उठलोही होतो. तेवढ्यात मधुरा बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "आईंना काही बोलू नकोस हं. क्रॉस कॉन्टॅमिनेशन कुणाकडूनही होऊ शकतं. त्या आधीच फार गिल्टी फील करतायत." तिच्या मोठेपणाची आडोशाला भिंत मिळाली आणि मी तिच्यामागे लपलो. माफी तर होऊन गेली होती, फक्त दुसऱ्याच माणसाला. मिनूचे कपडे आणतो म्हणून मी घरी गेलो आणि पहिल्यांदा शेंगदाण्याच्या दह्याचं ते भांडं रिकामं करून, घासून, पालथं घातलं. कपडे मग घेतले.

हे लिहितानाही कान तापतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाल्कनीत गेलो तर कढीपत्त्याच्या कुंडीतली माती पांढरी झाली होती. आईनं गाडगं तिथे उपडं केलं होतं. सगळं, तळातल्या चमचाभर विरजणासकट. गाडगं राखेनं घासून उन्हात पालथं ठेवलं होतं आणि लाल दोऱ्याचा चमचा कचऱ्यात होता.

"आई, विरजण?"

"नको आता ह्या घरात. माझा हात वंगाळ हाय."

मी काहीतरी बोललो. असं नसतं गं, तसं काही नाही. खरं काय ते सोडून सगळं बोललो.

त्यानंतरचे दिवस म्हणजे घरात कुणी ओरडत नव्हतं एवढंच. आई स्वयंपाकघरात येईना. तिचे हात मांडीवर नुसते पडून असायचे, आणि रिकामे हात तिला शोभत नाहीत. मधुरा तिच्याशी नेहमीपेक्षा जास्त गोड बोलायची, आणि त्या गोडव्यानंच आई आणखी आक्रसायची. मिनूला आम्ही सांगितलं होतं की अज्जीच्या हाताला चुकून लोणी लागलं होतं. पाच वर्षांचं पोर, त्यानं ते नीट ऐकून घेतलं. अज्जीनं जवळ घेतलं की ती अंग चोरायची. अज्जीनं सोललेलं संत्रंसुद्धा तिनं घेतलं नाही. एकदा आईनं तिच्या केसांना हात लावला तर मोरीत जाऊन तिनं डोकं पाण्याखाली धरलं. आई दारातून बघत होती.

बुधवारी आईनं माझ्या भावाला फोन लावला. मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "रविवारच्या गाडीचं तिकीट काढ. गावाकडं येते. न्हाई, कायमचं."

चार दिवस होते माझ्याकडे. गुरुवारी सांगणार होतो, मधुराला उशीर झाला. शुक्रवारी सांगणार होतो, मिनूला जरा कणकण होती. पळवाटा शोधणाऱ्याला काय, दारंच दारं दिसतात. कामावर मी त्या आठवड्यात एका नवख्या मुलाच्या प्रोग्रॅममधल्या चौदा चुका काढल्या आणि त्याला लांबलचक पत्र लिहिलं, की चूक लवकर कबूल केली तर दुरुस्ती सोपी जाते.

शनिवारी दुपारी रुक्मिणीअक्का आईला ओढून खाली घेऊन गेल्या. "उद्या जाणार ना तू? मग हे किलोभर सोलून दे जा." मी मिनूला सायकल खेळायला घेऊन गेलो होतो. बाकावर दोघी बसलेल्या, मध्ये पाण्यात भिजलेल्या अवऱ्यांचं पातेलं. टपक, टपक, गर वाटीत पडत होते. मिनूला तो खेळ फार आवडतो. ती जवळ गेली, पण दोन हात मागे बांधून, वावभर अंतरावर थांबली.

"ये गं, तूही दाब," अक्का म्हणाल्या.

मिनू म्हणाली, "अज्जीनं हात धुतले?"

आईचे हात थांबले. तिनं मांडीवरची सालं झटकली आणि दोन्ही हात पुढे केले. आधी तळवे. मग पालथे. मग बोटं फाकवून नखं. शाळेत बाई नखं तपासतात तेव्हा पोर उभं राहतं तशी, सत्तर वर्षांची माझी आई, पाच वर्षांच्या पोरीपुढे. बोटांवर अवऱ्याचा हिरवट चिकटा होता, दुसरं काही नव्हतं.

"मी लावलं होतं," मी म्हणालो.

कुणाला कळलं नाही.

"आई, तुझ्या हातानं काही झालं नाही. मी तुझ्या गाडग्यातलं विरजण लावलं होतं त्या दह्याला. मला दवाखान्यातच कळलं होतं. मी बोललो नाही."

आईनं पातेल्यातला एक दाणा उचलला. दाबला. गर वाटीत पडला. दुसरा उचलला. तो तिच्या चिमटीत चिरडला.

"माझ्या गाडग्यातलं?"

"हो."

"आन् मी ते वतून टाकलं," ती म्हणाली. आवाज चढला नाही, फाटला. "आईनं दिलेलं विरजण, विन्या. मी कढीपत्त्याला वतलं. एक चमचा ठेवला न्हाई मी, एक. आठ दिस मी माझा हात धुतीय."

मी खाली बसलो होतो, तिच्या पायाशी, सालांत. माफ कर म्हणालो. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

"मला काय सांगतूस? तिला सांग."

मिनूपुढे मी गुडघ्यांवर बसलो. पाच वर्षांच्या माणसाला कबुली देणं फार अवघड असतं, कारण मोठे शब्द चालत नाहीत. चूक, नजरचूक, परिस्थिती, यातलं काही कामाला येत नाही. मी म्हटलं, "मिनू, अज्जीच्या हाताला काही नव्हतं. दही मी केलं ना, त्यात मीच दुधाचं घातलं होतं. आणि मी खोटं गप्प बसलो."

तिनं माझे हात हातात घेतले. उलटे केले, सुलटे केले, नखं बघितली.

"ह्या हातानं?"

"हो."

तिनं हात सोडून दिले. मग अज्जीकडे बघितलं. अज्जी तोंडावर पदर घेऊन बसली होती. मिनू हळूच बाकावर चढली, पातेल्यात हात घातला आणि दाणे दाबायला लागली. तिचे दाणे वाटीत पडायचे सोडून अज्जीच्या मांडीवर उडत होते. अज्जीनं ते वेचून वाटीत टाकले.

शेवटी अक्का म्हणाल्या, "रडतेस कशाला गं? विरजण माझ्याकडे आहे की. तुझंच ते. तू दिलेलं मी काय फेकून दिलं काय?"

आईनं पदर काढला. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. दिलेलं तेवढंच उरलं होतं.

"आणू का आत्ता?" अक्का उठल्या. "दिवस आहे अजून."

आईनं मिनूकडे बघितलं. "नको. ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच. मी हितं येऊन खाईन."

संध्याकाळी मधुराला सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "चमच्याचं मी समजू शकते, विनायक. चमच्याचं कुणाकडूनही झालं असतं. भांडं का धुतलंस?" त्यापुढे बरेच दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली, आणि ते मला पोचत होतं. आईनं रविवारी सकाळी भावाला फोन करून सांगितलं, "तिकीट मोड. अवरे सोलायचे ऱ्हायल्यात." तिनं मला माफ केलं की नाही ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

आता पुन्हा ते दिवस आलेत. शेंगदाण्याचं दही आमच्या घरात आता थंडीतही लागतं. फेब्रुवारीच्या उन्हात आईनं स्वतः दहा देठं मोजून टाकली आणि लागलेल्या दह्यातलं पहिलं चमचाभर बाजूला काढलं. तेव्हापासून तेच विरजण, एकही दिवस न तोडता. त्याच काळ्या गाडग्यात नाही. नवं आणलं आहे, लहानसं, तांबड्या मातीचं. त्या दह्याला शेंगदाण्याची मंद गोडी असते आणि मागून हलकी आंबट चव येते. तेवढ्यासाठी मी दुपारच्या जेवणाची वाट बघतो. मधुरा त्याची कढी करते. गेल्या महिन्यात दुसऱ्या विंगमधली एक नवी बाई आली, तिच्याही लेकाला दूध चालत नाही. आईनं खिडकीतून ऊन बघितलं, डबीत दोन चमचे घातले आणि म्हणाली, "मागं चमचाभर ठेवत जा बाई. आन् संपलं तर मागायला लाजू नगंस."

आईचं जुनं विरजण खाली अक्कांकडे नांदतंय. सकाळी अकराला आई खाली जाते, वाटीभर दही खाते, तोंड धुते, हात धुते आणि वर येते.

आज सकाळी डब्यासाठी मोसरन्ना केला. अवऱ्याची पिशवी ओट्यावर होती, सगळ्या घराला सोगडु सुटला होता. भात मी कालवला. मिनू दप्तर पाठीला लावून समोर उभी राहिली आणि नेहमीसारखं म्हणाली, "बाबा, हात दाखव."

मी दाखवले. आधी तळवे, मग पालथे, मग नखं. ती नीट बघते, घाई करत नाही. आज ठीक आहे अशी मान हलवली. मग डब्यातला पहिला घास आत्ताच पाहिजे म्हणून ती वळली आणि अज्जीपुढे जाऊन तोंड उघडलं. अज्जी अवरे सोलत बसली होती, तशाच हिरव्या, चिकट हातानं तिनं घास दिला.

तिला मिनू कधीच विचारत नाही.